दीप्तीच्या सत्कारातली सात मिनिटं

तरुण विद्वानांचा सत्कार वेळीच उरकावा. एकदा ते म्हातारे झाले की त्यांना बोलू द्यावं लागतं. आखातातल्या मनामा शहरातल्या आमच्या मराठी गुणगौरव समितीला (सभासद दोनशे, पैकी पदाधिकारी एकशे बारा) हे पहिल्यापासून मान्य आहे. मी समितीचा चिटणीस.

नईम भागात राहणाऱ्या कुसुमबाई इथल्या एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहेत. त्यांच्या दीप्तीला नॉर्वेत नवोदित संशोधकांचा पुरस्कार मिळाला. विषय, उत्तर युरोपातल्या देशांचं आरोग्य-अर्थशास्त्र. आमच्या यादीत दहावी, बारावी आणि 'इतर' एवढेच गट असल्याने तिला 'इतर'मध्ये बसवलं (गेल्या वर्षी तिथे पोहण्यात तिसरा आलेला लॉईड होता). नॉर्वेत म्हणे पीएच.डी.नंतर थोडीच वर्षं नवोदित मानतात. आमच्याकडे साठीपर्यंत माणूस नवोदितच असतो, आणि नवोदितांनी ऐकायचं असतं.

दीप्तीने मला आधीच गाठलं. "काका, मला फक्त सेव्हन मिनिट्स द्या. मी काय करते ते आईला कधी सांगताच आलं नाही, अभ्यासाचं सगळं इंग्लिशमध्येच बोलत आले. या वेळी मराठीत लिहिलंय."

"इंशाल्ला," मी म्हणालो. (नकार देण्याची ही सर्वांत प्रेमळ पद्धत आहे.)

कुसुमबाई रजा टाकून आल्या. पुढच्या आठ रांगा पदाधिकाऱ्यांच्या, म्हणून त्यांना नवव्या रांगेत मानाने बसवलं. कार्यक्रम वेळेवर, म्हणजे पन्नास मिनिटं उशिरा, सुरू झाला. अकरा जण बोलले. अध्यक्ष लान्सी सर 'तरुणांना संधी द्या' यावर चाळीस मिनिटं बोलले. मग शाल, नारळ, फोटो. आभार मी मानले, अगदी थोडक्यात, पंचवीस मिनिटं. तेवढ्यात हॉलचा रखवालदार झुबेर आला.

"खलास, साब. टाइम हो गया."

दीप्तीच्या हातातले चार कागद तसेच राहिले. मला वाईट वाटलं, आणि तशी नोंद मी इतिवृत्तात केली आहे.

मायलेकींना मीच गाडीतून घरी सोडलं. मागच्या सीटवर शालीची घडी घालत कुसुमबाई म्हणाल्या, "दीप्ते, पण तू शोधलंस काय गं?"

दीप्ती वाचू लागली. घर येईपर्यंत कुसुमबाई डोळे पुसत होत्या. का, ते मला माहीत नाही. माझं लक्ष सिग्नलकडे होतं.

अहवाल मात्र पूर्ण आहे. शाल एक, नारळ एक, वक्ते अकरा. आपणही तो शेवटपर्यंत वाचलात आणि मुलीने शोधलं काय, हे एकदाही विचारलं नाहीत. आपल्याला समितीत घ्यायला कुणाची हरकत नसावी. बसायची जागा पहिल्या आठ रांगांतच मिळेल.