चांद्याचा पक्ष

बैलालाही पक्ष असतो, हे मला निमगाव केतकीच्या आमच्या शेजारच्या तात्यांनी शिकवलं. नवा माणूस दिसला की तात्या त्याच्या नावाआधी विचारत, "कुठल्या बाजूचा?" सत्तावन सालच्या निवडणुकीनंतर तर त्यांनी चहाचं दुकान बदललं, न्हावीही बदलला. नवा न्हावी दर खेपेला कानाला वस्तरा लावायचा. "लावू दे. आपल्या बाजूचा हाय," तात्या रक्त पुसत म्हणत.

तात्यांकडे एकच बैल, चांद्या. त्यांचे जिवलग दोस्त गणपतराव, त्यांच्याकडेही एकच. दोन्ही बैल एकत्र जुंपून दोघं कित्येक वर्षं सावडीनं एकमेकांची रानं करत आले होते. त्या निवडणुकीत गणपतरावांनी दुसऱ्या बाजूला मत दिलं. तात्यांनी चावडीपुढं सगळ्यांदेखत त्यांना विचारलं, "कितीला इकलंस रं मत?"

गणपतराव उठून घरी गेले. त्यानंतर ते तात्यांशी एक शब्द बोलले नाहीत.

शाळूची पेरणी आली. तात्यांनी आपल्या बाजूच्या एकाचा बैल मागून आणला. तो पेरणीच्या प्रत्येक ओळीत मध्येच बसायचा. तात्या पाभर धरून उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "चालत न्हाय, पण निष्ठावंत हाय." पेरणी कशीबशी उरकली. गणपतरावांना मात्र कुणाचा बैल मिळाला नाही. त्यांचं रान तसंच पडून होतं.

एका सकाळी चांद्या दाव्यातून सुटला आणि थेट गणपतरावांच्या रानात जाऊन उभा राहिला. त्यांनी त्याला आपल्या बैलाशेजारी जुंपलं. संध्याकाळी तो आपसूक गोठ्यात परतला. "फितूर झाला," तात्यांनी चहाच्या दुकानात जाहीर केलं. "त्याचं तोंड बघणार न्हाय." दुसऱ्या दिवशी चांद्या पुन्हा फितूर झाला. गाव हसलं, मीही हसलो.

त्याच्या पुढच्या सकाळी मी गोठ्यावरून चाललो होतो. आत तात्या स्वतःच्या हातानं चांद्याचं दावं सोडत होते.

"तात्या, तुमीच सोडताय व्हय?"

"वापसा चाललाय निघून, रानातली ओल सुकाया लागली," ते चिडून म्हणाले. "पेरलं न्हाय तर त्याची पोरं खात्याल काय?"

"मग तुमीबी जावा की संगं."

"कुठल्या तोंडानं जाऊ?" ते चांद्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. "बांधाच्या पल्याड बसून ऱ्हातो मी. गणपा ह्याच्यासंगं दिसभर बोलतोय. लई मायेनं बोलतोय. तेवढंच कानावर पडतं."