भोपळ्यानं उकरलेला गुलाब

लातूरच्या गुलाबबागेसमोर रामकिशननं मॅटाडोर उभी केली आणि फाटकावरची पाटी वाचली. 'कुत्र्यांना आत आणू नये' असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. वर कापडी कमान होती. मुंबईचे कुणी मोठे पाहुणे दुपारी बाग बघायला येणार होते.

गाडीत त्याची बायको पंचशीला होती आणि तिच्या पायाशी भोपळ्या नावाचा गुबगुबीत कुत्रा. रामकिशननं नोकरीभर गावोगाव सरकारी सिनेमे दाखवणारी ही गाडी चालवली होती. निवृत्त झाल्यावर ती त्यानं लिलावात घेतली, आत झोपायला फळ्या ठोकल्या, स्टोव्ह बसवला आणि पंचशीलाला घेऊन निघाला. नांदेडला तिच्या अंगणातले गुलाब दुष्काळात जळून गेले होते. "कुठं तरी फुललेला गुलाब दाखवा," एवढंच ती म्हणाली होती. पण नांदेडच्या बागेत काटे उरले होते आणि मुखेडला नुसतीच पाटी.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं, त्यामुळे बागही नवी होती. कुंपणातून लाल, पिवळी फुलं दिसली तशी पंचशीला चप्पल अडकवून उतरली.

"अन् भोपळ्याचं काय?" रामकिशननं विचारलं.

"तुम्ही बसा की त्याच्यापाशी. मी लगेच येते."

पत्रा तापला होता. भोपळ्याची जीभ लोंबू लागली. त्याला वारा लागावा म्हणून रामकिशननं दार जरासं उघडलं. सगळ्या गावात ओली माती तेवढी त्या बागेतच होती आणि तिचा वास भोपळ्याला आला. तो रामकिशनच्या पायांमधून निसटला आणि थेट फाटकातून आत गेला.

रामकिशन पोचला तेव्हा भोपळ्यानं बसायला खड्डा उकरला होता. शेजारचा तांबडा गुलाब आडवा पडला होता. पलीकडे पिवळ्या फुलावर वाकलेली पंचशीला धावत आली.

"आता पोलीस येतील," रामकिशन म्हणाला. "पाहुण्यांसाठी लावलेलं झाड हाय हे."

"हळू बोला. लावून टाकू परत."

तिनं खोडाला धरून झाड उभं केलं. ते खालून भलतंच जड लागलं. माती बाजूला सारली तर मुळांच्या जागी मातीची कुंडी निघाली. तिनं शेजारचं झाड चाचपलं. तिथंही कुंडी होती.

तेवढ्यात बागेचा माळी चांदपाशा फावडं घेऊन आला. रामकिशननं हात जोडले. "भाऊ, चूक झाली. मुकं जनावर हाय. काय दंड असंल तो मला करा."

चांदपाशानं कुत्र्याकडे पाहिलंच नाही. तो उघड्या कुंडीकडे बघत मटकन खाली बसला. "तुमी कुणाला सांगणार तर न्हाई ना?"

"कामून?" पंचशीलानं विचारलं.

"लावलेली समदी झाडं वाळली, बाई. पाहुणे येऊन राहिले म्हणून दुसरीकडून कुंड्या आणून पुरल्या. हे भाईर आलं तर माझी नोकरी गेली."

मग तिघांनी मिळून कुंडी पुरली. रामकिशन फावड्यागणिक फाटकाकडे बघत होता. कुंडी झाकली न झाकली तोच जीप आली. बागखात्याचे उंच साहेब उतरले. पंचशीलानं भोपळ्याला पदराआड घेतलं, पण त्याची शेपटी बाहेर हलत राहिली.

"बाहेरची मॅटाडोर कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी... म्हंजे हिची बी," रामकिशन म्हणाला. आपल्याला पकडलं हे नांदेडला लेकीला कसं कळवायचं, ते तो मनात जुळवू लागला.

"आत जागा किती?"

"दोन मान्सं, साहेब. अन् एक... जरा लहान."

"माणसांचं नाही विचारत. कुंड्या किती बसतील?"

रामकिशन चांदपाशाकडे बघू लागला आणि चांदपाशा जमिनीकडे.

साहेबांनी आवाज खाली आणला. कुंड्या नेणारा टेम्पो सकाळीच पाणी वाहायला लावला होता. पाहुणे मात्र उद्या उदगीरची बाग बघणार होते, परवा निलंग्याची. "ह्या कुंड्या त्यांच्या आधी पोचायला पाहिजेत," ते म्हणाले. मग पदराकडे बघत त्यांनी विचारलं, "कुत्रा चावत नाही ना?"

"न्हाई साहेब. नुसतं उकरतो."

"मग बरंच आहे. खड्ड्यांना माणसं कमीच आहेत."

पाहुणे बाग बघून गेले आणि संध्याकाळी मॅटाडोर निघाली. फळ्यांवर, स्टोव्हशेजारी, सीटखाली सगळीकडे गुलाब होते. पंचशीला मधल्या बोळकांडीत पाय दुमडून बसली होती. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी कुंड्या धरायची. "सावकाश चालवा," एवढंच ती म्हणत होती. वाटेत प्यायच्या पाण्यातलं निम्मं तिनं झाडांना घातलं. रामकिशनला ते आरशात दिसलं आणि त्यानं गाडी आणखी सावकाश घेतली.

दुसऱ्या दिवशी उदगीरच्या बागेत पाहुणे फुलापाशी वाकले. रामकिशन कुंपणाबाहेर तार धरून उभा होता. हेच फूल त्यांनी काल लातूरला हुंगलं होतं.

पाहुण्यांनी मान वर केली. "लातूरच्या माळ्याला शिकायला पाठवा यांच्याकडे," ते म्हणाले. "इथले गुलाब कसे टवटवीत ठेवलेत."

साहेबांनी मान डोलावली. कुंपणाबाहेर पंचशीला पदर सारखा करत रामकिशनला म्हणाली, "निलंग्याला ह्याच्यापेक्षा बी चांगले दिसतील, बघा."