निमकर बालवाड्या तपासतात

निमकर कुठल्याही बालवाडीत शिरले की आधी तिथल्या मुलांच्या खुर्चीवर बसून बघतात. खुर्ची प्लॅस्टिकची, गुडघ्याएवढी, पाठीला बदकाचं तोंड. निमकर अंगानं भरदार आणि दोन्ही गुडघे शस्त्रक्रिया करून बदललेले. ते बसताना खुर्ची एक आवाज करते आणि त्यांना उठवताना मी दुसरा. मग ते खिशातून कारखान्यातलं जाडी मोजायचं व्हर्नियर काढतात, घसरगुंडीच्या कठड्यातली फट मोजतात आणि समोरच्या बाईंना सांगतात, "पास करता येत नाही."

निमकर हडपसरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. सुटे भाग बनवणारे शेकडो आणि ते नाकारणारे निमकर. निवृत्त होताना इतरांनी घड्याळ आणि शाल घरी आणली, निमकरांनी अधिकार आणला. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत इस्त्रीवाला, लिफ्टचं दार, नवा वॉचमन असं सगळं त्यांच्या नजरेखालून जाऊन नापास झालेलं आहे. गणपतीत प्रसादाचा एक उकडीचा मोदक त्यांनी 'कळ्या असमान आहेत' म्हणून परत केला होता. मोदक करणाऱ्या बाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. निमकरांच्या ते लक्षात आलेलं नाही.

मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासतो. घरी बसून काम करणारा माणूस सोसायटीच्या मते रिकामा असतो आणि त्याच्याकडे स्कूटर असली तर तो सार्वजनिक असतो. म्हणून या मोहिमेवर मी.

मोहीम नातीसाठी होती. इरा दोन वर्षांची. निमकरांचा मुलगा अमित सकाळीच ऑफिसला जातो, पण सून मुग्धा इतके दिवस घरून काम करायची. ती आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर आणि इरा बाहेर आजोबांपाशी, अशी वाटणी होती. आता कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. निमकरांच्या पत्नी इराच्या जन्माआधीच गेल्या. आणि नव्या गुडघ्यांनिशी दिवसभर एकट्यानं तिच्यामागे धावणं जमणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून आणि इरानं पळून सिद्ध केलं होतं. महिनाअखेरीपर्यंत कुठे सोय झाली नाही, तर मुग्धाची आई इराला नागपूरला घेऊन जाणार होती. शाळेचं वय होईपर्यंत तिथंच.

सोय शोधायचं काम निमकरांनी मागून घेतलं. ते त्यांना दिलं गेलं, ही त्या कुटुंबाची चूक.

आमच्या लहानपणी बालवाडी म्हणजे एक बाई, एक सतरंजी आणि एक घंटा. आता त्या सतरंजीचे प्ले-ग्रुप, प्री-नर्सरी, डे-केअर, अर्ली लर्निंग सेंटर असे तुकडे पडले आहेत आणि प्रत्येक तुकड्याला काचेचं दार आहे. मूल तेच आहे. शेंबूडही तोच.

पहिल्या ठिकाणी नावातच 'इंटरनॅशनल' होतं. आंतरराष्ट्रीय काय होतं ते दिसलं नाही. जिन्याखाली भाजीवाली बसली होती आणि वर स्वागतकक्षात कारंजं होतं. भिंतीवर काळे झगे आणि चौकोनी टोप्या घातलेल्या तीन वर्षांच्या मुलांचे फोटो.

"ही कसली पदवी?" निमकरांनी विचारलं.

"नर्सरी ग्रॅज्युएशन, सर."

"नापास किती होतात?"

"कुणीच नाही, सर!" संचालिकाबाई हसून म्हणाल्या.

"मग तपासता काय?"

बाईंनी हसू तसंच ठेवून विषय बदलला. "आम्ही मुलांचा सर्वांगीण विकास करतो."

"किती वाजेपर्यंत?"

"साडेबारा."

"आणि मग थांबतो?"

बाईंनी आम्हाला माहितीपत्रक दिलं. त्या कागदाचा गुळगुळीतपणा मात्र निमकरांनी बोट फिरवून पास केला.

दुसरीकडे माँटेसरी पद्धत होती. तिथे एवढी शांतता, की मी चपला काढतानाही ओशाळलो. एक मुलगा एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतत होता, मग दुसऱ्यातलं पहिल्यात. बाई आमच्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "त्याचं काम चालू आहे."

निमकर तितक्याच हळू म्हणाले, "आमची हे घरी करते तेव्हा आम्ही फडकं आणतो." मग पाणी जमिनीवर सांडलेलं दाखवून म्हणाले, "गळती. पास करता येत नाही."

तिसरं डे-केअर एका आयटी पार्कच्या पोटात होतं. तिथे प्रत्येक खोलीत कॅमेरा आणि आयांच्या फोनवर त्याचं चित्र. व्यवस्थापक तरुण होता. तो म्हणाला, "मदर कॅन वॉच एनीटाइम, अंकल. फुल ट्रान्सपरन्सी."

"दिवसभर बघत बसली तर काम कधी करणार?"

"नाही अंकल, बघत कुणी नाही. ऑप्शन असला की बरं वाटतं."

इतकं खरं वाक्य मला त्या महिन्यात दुसऱ्या कुणाकडून ऐकायला मिळालं नाही. निमकरांनी त्यालाही नापास केलं.

मग वस्तीतली अंगणवाडी. तिथल्या ताई मुलांना गोल बसवून कोल्ह्याची गोष्ट सांगत होत्या आणि मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. खिचडी गरम होती. निमकर दोष शोधत राहिले, तो सापडेना आणि ते अस्वस्थ झाले. एवढं हताश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अखेर त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "पत्रा. उन्हाळ्यात तापणार!"

सर्वांत मोठा अपमान त्यांनी आमच्याच सोसायटीसाठी राखून ठेवला होता. तळमजल्यावर सुमनकाकूंचं पाळणाघर आहे. पाटी नाही, माहितीपत्रक नाही. निमकर गेले तेव्हा टीव्ही चालू होता, एक मूल पलंगाखाली होतं आणि काकू मोठ्या परातीत वरणभात कालवून चार तोंडांत फिरता घास देत होत्या.

"हे पाळणाघर नाही, धर्मशाळा आहे," निमकर पार्किंगमध्ये येऊन म्हणाले. पार्किंगमध्ये बोललेलं आमच्याकडे सगळ्यांना ऐकू जातं. त्यासाठीच ते तिथे बोलतात.

खिडकीतून काकूंचा आवाज आला, "हो, धर्मशाळाच आहे. पण अहो निमकर, इथे राहायला येणाऱ्यांची तक्रार नाही. बघायला येणाऱ्यांचीच असते."

महिना संपत आला. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे असताना मुग्धा ऑफिसच्या कॉलवरून उठून बाहेर आली. इरा आजोबांच्या मांडीवर होती.

"बाबा, आज काय झालं?"

"कोथरूडची एक पाहिली. जिन्याची पायरी उंच आहे."

"बरं." ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "तुम्हाला एकही पटणार नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं. आई रविवारी येतेय. इराचे कपडे उद्यापासून काढून ठेवते."

"रविवारी?"

"हो. मला सोमवारी जॉइन व्हायचंय."

माझी समजूत होती, की निमकर हे सगळं सवयीनं करतात. आयुष्यभर वस्तू परत पाठवलेला माणूस. त्या संध्याकाळी त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्या लक्षात आलं, की या माणसाचा हिशेब सरळ होता: एकही जागा पास झाली नाही, तर इरा घरात राहील. नागपूर खरोखरच्या नकाशावर आहे, हे त्यांनी धरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी एकेका ठिकाणी फोन लावले. इंटरनॅशनलच्या जागा भरल्या होत्या. माँटेसरीच्या बाई फोनवरही कुजबुजतच 'नाही' म्हणाल्या. आयटी पार्कातल्या तरुणाला 'नापास करणारे अंकल' चांगले आठवत होते. अंगणवाडीचा पत्रा त्यांना आता चालला असता, पण ती दुपारी सुटते आणि मुग्धा रात्री आठला येणार.

दुपारी ते माझ्या दारात आले. "चला."

"स्कूटर काढू?"

"नको. खालीच जायचंय."

सुमनकाकू दारात बसून मटार सोलत होत्या. आत सतरंजीवर चार मुलं ओळीनं झोपली होती. काकूंनी वर पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "या. आज काय मोजायचंय?"

"जागा आहे का?" निमकर म्हणाले. "इरासाठी."

काकूंनी त्यांना बराच वेळ उभं ठेवलं. तो त्यांचा हक्क होता आणि त्यांनी तो शेंगेशेंगेनं वसूल केला. मग विचारलं, "खाते काय?"

"तसं बॅलन्स्ड डाएट..."

"अहो, खाते काय ते सांगा."

"भात. पण तूप वर दिसलं पाहिजे. आधी कालवलं तर नाही खात."

"रडली तर?"

"काही करायचं नाही. समजूत घातली की वाढतं. तिच्याकडे पाठ करून बसायचं. जरा वेळानं ती आपण होऊन पाठीला येऊन टेकते. मग वळायचं नाही लगेच. थोडं थांबायचं."

काकूंचे हात थांबले होते. "आणि झोपते कशी?"

वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला होता, त्याचं पाणी पाइपातून खाली येताना ऐकू येत होतं.

"कान लागतो," निमकर म्हणाले. "मोठ्या माणसाच्या कानाची पाळी. ती बोटात धरते आणि झोपते. डावी. उजवीनं नाही झोपत, मी करून पाहिलंय. मुग्धाच्या नाही धरत, अमितच्याही नाही. आतापर्यंत माझ्याच." त्यांनी काकूंच्या कानाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तुमच्या कानात कुडी आहे. तिला टोचेल."

काकूंनी मटाराचं ताट बाजूला सरकवलं. पदराला हात पुसले आणि डाव्या कानामागची फिरकी सोडवू लागल्या. फिरकी जुनी होती, लवकर निघेना. निमकर ती निघेपर्यंत उभे राहिले.

"आणा उद्यापासून," कुडी मुठीत धरून काकू म्हणाल्या. "सोमवारपर्यंत सवय होईल."

"परवापासून आणली तर चालेल?" निमकरांनी विचारलं.

काकूंनी पुन्हा ताट मांडीवर ओढलं. "चालेल," त्या म्हणाल्या.