बगळेसाहेब ओल पाहायला येतात

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात जनावरं शेती करत असत. हसू नका. राजा सिंह मांस खायचा, पण बाकीच्यांना ज्वारीच लागायची.

या जंगलाच्या शिवारात, जमिनीखाली, भागाआत्या राहत असे. आत्या जातीनं गांडूळ. माती भुसभुशीत करणं हे तिचं काम. स्वभाव जरा फटकळ होता, पण तिच्यामुळे ज्वारी येते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून तिला मान होता.

आत्याच्या घराण्यात एक गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. पणजीला ओल वीतभर खाली लागायची. आजीला हातभर. आईला दोन हात. आत्याला स्वतःला चार हात खाली जावं लागलं. दर पिढीला बिऱ्हाड खाली. तिची मुलं या हलवाहलवीला कंटाळून केव्हाच राजाच्या तळ्याकाठी राहायला गेली होती. शिवारात आता ती एकटीच उरली होती.

यंदा ती आणखी खाली निघाली आणि तिचं डोकं टण्णकन आपटलं. खाली कातळ लागला होता.

आत्या घाबरली. वर कोरडी माती आणि खाली दगड. आता जायचं तरी कुठे? आणि आपणच गेलो तर या लोकांची ज्वारी कशी यायची?

उपाय एकच होता. राजाच्या तळ्यापासून शिवारापर्यंत एक पाट होता आणि त्याचं दार बंद असे. ‘दुष्काळ आहे’ असा अहवाल दरबारात गेला, तरच ते दार उघडे. म्हणून आत्यानं पाहणीसाठी अर्ज केला.

आता दरबारात जमिनीच्या ओलीवर नजर ठेवणारं एक खातं होतं. त्याचे प्रमुख बगळेसाहेब. तीस वर्षं साहेब रोज सकाळी तळ्यात एका पायावर उभे राहत, काठच्या चिखलात चोच घालत आणि लिहीत, ‘ओल उत्तम.’ तीस वर्षांत त्यांच्या तक्त्यावरची रेघ तसूभरही खाली आली नव्हती. शिवाय तिथे मासेही बरे मिळत.

अर्ज ज्येष्ठात गेला. साहेब पौषात पोचले. सरकारी वाहन कासव होतं, त्याला साहेब तरी काय करणार?

साहेब उद्या येणार हे कळलं आणि गावात एकच धांदल उडाली. सरपंच केरबा रेडा यानं बाभळीखाली सभा घेतली.

“पाव्हणं दरबारातनं येत्यात,” केरबा म्हणाला. “येशीपुढं कोरडं ठिवून कसं चालंल? सडा घालाय पायजे.”

“सडा?” आत्या जमिनीतून डोकं काढून ओरडली. “अरं केरबा, त्यास्नी दुष्काळ दावायला बोलावलंय, बारशाला न्हाई!”

“पर आत्या, दुष्काळ आपल्या घरचा,” सगुणा सायाळ म्हणाली. “त्यात पाव्हण्याचा काय दोष? त्यांना धुरळ्यात हुबं करायचं व्हय?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि खरं सांगायचं तर आत्यालाही ते पटलं. तिच्या आईनं तिला असंच वाढवलं होतं. पाहुणा आला आणि अंगण कोरडं, ही कल्पना तिलाही सोसेना.

“बरं, पर बेतानं,” ती म्हणाली. “धुरळा बसंल इतकंच शिंपडा.”

बेतानं! सशानं घरातली शेवटची करवंटी आणून ओतली. ते पाहून हरणानं दोन करवंट्या ओतल्या. मग केरबाला राहवेना. सरपंच म्हणून त्यानं आठवड्याच्या पिण्याच्या पाण्याची अख्खी डोणी उपडी केली. माकडांनी तर डबक्यातलं उरलंसुरलं पाणी गाळासकट उचलून आणलं. वेशीपुढे असा काही चिखल झाला, की त्यात लोळायचा मोह आवरताना केरबाला घाम फुटला. सगुणेनं स्वतःचा काटा उपटून ‘सुस्वागतम्’ अशी रांगोळी काढली होती. त्यातलं फक्त ‘सु’ शिल्लक राहिलं.

साहेब आले. कासव नेमकं चिखलापाशी थांबलं. साहेबांनी लांबूनच करपलेली ज्वारी पाहिली, शेतातल्या भेगा पाहिल्या आणि “अरेरे” म्हणाले. आत्याचा जीव भांड्यात पडला.

“आता रीतसर मोजू,” असं म्हणून साहेबांनी समोरच्या चिखलात चोच खुपसली. ती डोळ्यांपर्यंत आत गेली.

“ओल उत्तम,” साहेब म्हणाले.

आत्या धडपडत वर आली. “सायेब, ह्यो सडा हाय, सडा! तिकडं बाभळीखाली चोच घालून बघा. चार पावलांवर तर हाय.”

साहेबांनी बाभळीखालची जमीन पाहिली. “तिथे चोच मोडेल.”

“तेच तर म्हणतेय मी!”

“बाई, वाहन थांबेल तिथेच मोजणी करावी, असा नियम आहे. आपण कोण?”

“मी भागा. गांडूळ. अर्ज माझाच हाय.”

साहेबांनी पंखाखालून नियमांचं पुस्तक काढलं. “कलम सात. जिवंत गांडूळ आढळल्यास जमिनीत ओल पुरेशी आहे असे समजावे.” त्यांनी पुस्तकावरून डोळे वर केले. “आपण जिवंत आहात?”

आत्या गोंधळली. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. “आजपातूर तरी हाय.”

“मग झालं तर.”

“आन् मेले असते तर?”

“तर दुष्काळ. त्यात वादच नाही.”

आत्याला रडू आलं. चार हात खणत गेले, कातळावर डोकं फोडून घेतलं आणि एवढ्यातूनही जगले, हेच आपलं चुकलं, असं तिला वाटलं. तरी ती हटली नाही. गांडुळाला जेवढं ताठ उभं राहता येतं तेवढी ती उभी राहिली. “सायेब, येकदा खाली येऊन बघा,” ती म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. प्रवास लांबचा झाला होता. सकाळपासून एकही मासा मिळाला नव्हता. त्यांनी अहवालात लिहिलं, ‘पुरावा ताब्यात घेतला.’ आणि घेतला.

गाव थिजून गेलं. शेवटी सगुणा डोळे पुसत पुढे झाली.

“सायेब, आता आमच्या शिवारात येकबी गांडूळ उरलं न्हाई. मग आता तरी दुष्काळ झाला का न्हाई?”

साहेबांनी चोच पुसली. पुस्तक पुन्हा चाळलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

“तत्त्वतः झाला,” ते म्हणाले. “नवा अर्ज करा. ताबडतोब मंजूर होईल.”

“आत्ताच करतो,” केरबा म्हणाला. “कसा ल्ह्यायचा तेवढं सांगा.”

“अगदी सोपा आहे. कोरड्या जमिनीचा अर्ज जमिनीखालच्या रहिवाशाकडूनच यावा लागतो. मजकूर काहीही लिहा. खाली तेवढी गांडुळाची सही घ्या.”

एवढं सांगून साहेब कासवावर चढले. गावानं त्यांना शाल घातली. पाटाचं दार काही उघडलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, दुष्काळ दर वर्षी येतो. साहेब कधीतरीच येतात. म्हणून सडा घालताना हात आखडता घेऊ नये.