उरलेली भुवई

"चेहऱ्याला मलम चोपडायला वर्षभर शिकायचं? तीन महिने रगड झाले," असं तपासनीसांनी जेवता जेवता जाहीर केलं आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

लेकीच्या दृष्टीने तो संपला नव्हता. तिला कॉस्मेटॉलॉजिस्ट व्हायचं होतं, तेही वर्षाचा डिप्लोमा करून. तीन महिन्यांच्या वर्गात नुसता हात चालवायला शिकवतात, डिप्लोमात त्वचेचं शास्त्रही असतं, हे तिने बापाला परोपरीने सांगून पाहिलं होतं. प्रवेशाची मुदत उद्या संपत होती. शेवटी बायकोने नवऱ्याला सुचवलं, निदान डोळ्यांनी बघून तरी या.

तपासनीसांनी जन्मभर लिफ्ट तपासल्या होत्या. तपासणीला सांगून जायचं नाही आणि आपण कोण ते कळू द्यायचं नाही, हा त्यांचा खाक्या. त्याच ऐटीत ते दुपारी त्या इमारतीत शिरले. दुसऱ्या मजल्यावर दोन वर्गांची दोन दारं होती. पाट्या वाचायला लागणारा चष्मा घरीच राहिला होता, पण तपासनीस अंदाजात कधी चुकत नसत. तीन महिन्यांचा वर्ग डावीकडेच असणार, असं ठरवून त्यांनी ते दार ढकललं.

"मॉडेल म्हणून आलात ना, काका?" एप्रन घातलेल्या एका मुलीने विचारलं.

नाही म्हणावं तर ओळख सांगावी लागणार. तपासनीस हो म्हणाले.

बघता बघता ते खुर्चीत आडवे झाले आणि तोंडभर गार लेप बसला. "आता बोलायचं नाही हं, लेप तडकतो," मुलगी म्हणाली. प्रश्न विचारून भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस मुकाट पडून राहिला. वर्ग घेणाऱ्या मॅडम त्या मुलीलाच प्रश्न विचारत होत्या. अवजारं निर्जंतुक कशी करायची, भुवईखाली कुठला स्नायू असतो. पोरगी घडाघडा उत्तरं देत होती. मग लेप धुऊन तिने भुवया कोरायला दोरा हातात घेतला. जिवंत माणसावर ही तिची पहिलीच वेळ होती. डावी भुवई संपली तेव्हा तिथे पेन्सिलीची रेघ उरली होती. मॅडमनी दोरा काढून घेतला, बर्फ लावला आणि उजवी उद्या मी दाखवेन तशी कर, असं बजावलं.

ते घरी आल्यावर बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

"तीन महिन्यांचा वर्ग पाहून आलो," तपासनीस लेकीला म्हणाले. "तोंडाने सगळं येतं, हाताला काही नाही. तू वर्षाचाच कर."

लेकीला आनंदाने रडूच आलं.

सकाळी दोघं प्रवेश घ्यायला निघाली. जिना चढून लेक डावीकडे वळली.

"अगं, तो तीन महिन्यांचा."

"नाही बाबा. तो उजवीकडे. हाच वर्षाचा."

तपासनीस पायरीवरच थबकले. दिलेला शब्द परत घ्यावा म्हणून त्यांनी घसाही खाकरला. तेवढ्यात कालची मुलगी दारात आली.

"आलात? या काका, उजवी राहिलीय."

अर्ध्या तोंडाने परत जाणं शक्य नव्हतं. ते निमूट खुर्चीत बसले. उजवी भुवई डावीला बऱ्यापैकी जुळली आणि थंडावा म्हणून वर पुन्हा लेप बसला. तेव्हा मॅडमनी विचारलं, "मग, मुलीचा प्रवेश पक्का समजू ना?"

तपासनीसांनी तोंड उघडलं.

"बोलायचं नाही हं, काका."

"बाबा नाही म्हणाले नाहीत," लेक म्हणाली आणि एप्रनचं माप द्यायला आत गेली.