पाव, मीठ आणि काळी बोटं

डीन कालोयानोव्हांनी सेव्दाच्या हातात गोल पाव आणि मिठाची वाटी ठेवली, तेव्हा रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक सुरू व्हायची वेळ झाली होती. राजधानी सोफियाहून समावेशन समिती यायची होती, वंचितांना किती सामावून घेतलंय ते बघायला. पाहुण्याला दारात पाव-मीठ द्यायचं, ही आपली जुनी रीत. ते विज्ञान शाखेतल्या, रोमा या वंचित भटक्या जमातीच्या एकुलत्या एक मुलीनेच द्यायचं, ही डीनसाहेबांची नवी.

"सर, माझी तीन प्रात्यक्षिकं बुडालीत. तिन्ही तुमच्या समावेशनापायी. चौथं बुडालं तर परीक्षेला बसू देणार नाहीत."

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं? मागचा फोटो किती छान आला."

"त्यात मी परीक्षानळी उलटी धरलीये. सरळ कशी धरायची ते शिकवत होते, तेव्हाच तुम्ही मला फोटोला नेलंत."

डीन हार-तुरे बघायला वळले आणि सेव्दा पाव-मिठासकट प्रयोगशाळेत गेली. त्या दिवशी मिठातलं क्लोराइडच मोजायचं होतं. पाव खिडकीत ठेवून तिने वाटीतलं मीठ तोललं, पाण्यात विरघळवलं आणि वर लावलेल्या नळीतून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडू लागली.

थोड्या वेळाने डीन धापा टाकत वर आले.

"कार्टे, नाक कापलंस माझं. पाहुणे दारात उभे आहेत. मीठ कुठाय?"

"चंचुपात्रात."

डीन मूळचे गणिताचे. त्यांनी सरळ हात घातला, नळी कलंडली आणि सिल्व्हर नायट्रेट त्यांच्या हातांवर सांडलं.

"सर, हात धुवा आधी."

"मला अक्कल शिकवू नकोस," म्हणत ते ओल्या हातांनीच खाली पळाले आणि त्यांनी समितीतल्या प्रत्येकाशी प्रेमाने हस्तांदोलन केलं. सेव्दाने सांडलेलं पुसलं आणि प्रयोग पहिल्यापासून मांडला. पुरा करूनच ती उठली.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे सेव्दाच्या हजेरीचा विषय निघाला, तेव्हा डीन म्हणाले, "कागदोपत्री ही मुलगी स्वागताला होती. म्हणजे प्रात्यक्षिकाला गैरहजर. नियम म्हणजे नियम."

सेव्दाने हात वर केले. बोटं काळी ठिक्कर पडली होती.

"सिल्व्हर नायट्रेट आहे. उजेडात काळं पडतं, धुऊन जात नाही. स्वागताला उभं राहून हे लागतं का, बाई?"

समितीच्या अध्यक्षबाई सकाळपासून आपला तळवा घासत होत्या. त्यांनी तो टेबलावर उघडला. बाकीच्यांनीही उघडले. डीनसाहेबांनी आपले तेवढे खिशात घातले.

"मग आम्हाला कुठून लागलं?"

"डीनसाहेबांकडून. काल तेही आले होते की प्रात्यक्षिकाला."

अध्यक्षबाईंनी सेव्दाची हजेरी लावली. "आणि डीनसाहेबांची?"

"लावा," सेव्दा म्हणाली, "पण उपयोग नाही. त्यांची आधीची सगळीच बुडालीत. परीक्षेला नाही बसता यायचं."