चंद्राबाईंची पाण्यातली पंगत

"आठ दिवसांत एकही शिल्लक ठेवत नाही! विज्ञान शिकवतो मी, चेष्टा आहे का?" काचेच्या पेटीकडे बोट रोखून रावजी मास्तरांनी जाहीर केलं.

अख्ख्या पोलादपुरात खाऱ्या पाण्याची माशांची पेटी एकच, आणि ती मास्तरांच्या घरात. धाकटा भाऊ भागोजी बोटीवर नोकरीला. जाताना पेटी, नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आणि प्रवाळाचा एक दगड त्याने दादाच्या हवाली केला होता. दिवाळीला तो येणार आणि आधी मासे बघणार! इकडे त्या दगडावर पाच तपकिरी फुलं उगवलेली. मासा जवळून गेला, की चटका बसून कढईतल्या मोहरीसारखा उडायचा.

"किती गोड फुलं हो!" चंद्राबाई म्हणाल्या.

"फुलं?" मास्तरांना घरबसल्या वर्ग मिळाला. "अगं, नाव समुद्रफूल, पण प्राणी आहे तो! तोंड आहे, पोट आहे, भूक लागते त्याला!"

इथेच मास्तर फसले.

कारण चंद्राबाईंचा चातुर्मासाचा नेम होता : घरातल्या प्रत्येक मुक्या जिवाला घास घातल्याशिवाय आपण जेवायचं नाही. आणि आषाढी एकादशीला मास्तरही प्रेमाच्या भरात बोलून बसले होते, "तू जेवशील तेव्हाच मी!" तोवर मुके जीव तीनच. एक मांजर, दोन मासे. दहाला पानं वाढली जात, अकराला मास्तर शाळेत.

दुसऱ्या दिवशी जीव झाले आठ. चातुर्मासात चंद्राबाई मासळीला हात लावत नसत; म्हणून भिजवलेला जवळा काडीच्या टोकाने एकेकाला भरवला. फुलांनी हात मिटून घास घेतला, आणि बाईंना गहिवरून आलं.

मास्तरांनी ब्लेड घेऊन पाचही खरवडून काढली. झालं! तुकड्यातुकड्याचं नवं फूल उगवलं. तेवीस!

"मी मारतोय आणि तू भरवतेस?"

"तुम्हीच म्हणालात, भूक लागते."

"पण वाढतात कशी ही?"

"तुम्ही बारीक चिरता हो फार," चंद्राबाई हळूच म्हणाल्या.

मग सुईने लिंबाचा रस टोचून झाला. सहा मेली, त्यांच्या जागी तीसेक आली. मास्तर रोज उपाशी शाळेत. पचनसंस्था शिकवताना त्यांच्या पोटातून असा आवाज निघाला, की पहिल्या बाकावरच्या मुलींनी तोही वहीत उतरवून घेतला!

एका दुपारी शेजारच्या रंगूबाई डोकावल्या. "काय गो चंद्रे, तीन वाजले! अजून जेवलीस नाय?"

"एकोणीस जण राहिलेत गो अजून भरवायचे."

"आगो बाय! हायेत तरी किती?"

"सत्तेचाळीस."

रंगूबाई पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत. तासाभरात आळीतल्या बायका भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन दारात! "मास्तरांकडे सत्तेचाळीस पाव्हणे, आन् आमाला सांगायचं नाय व्हय?" मास्तर शाळेतून आले ते थेट त्या गरम भाकऱ्यांसमोर. हात पुढे गेला.

"अहो, अजून सात जण राहिलेत."

हात मागे आला. "यांना मी चुन्यात बुडवून मारतो!"

"आपल्या हातचं जेवलेल्यांना?" चंद्राबाईंचे डोळे भरले. "चातुर्मासात?"

मास्तरांना नेम मोडवेना, भूक सोसवेना.

रविवारी सकाळी पेटीतल्याच पाण्याच्या बादलीत तो दगड ठेवून मास्तर एस.टी.त चढले.

"बादलीत काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"पाव्हणे," मास्तर म्हणाले. "माघारी पोचवायला निघालोय."

समुद्रात पोचवून आले. सोमवारी मांजर जेवलं, मासे जेवले, आणि दहाच्या ठोक्याला दोन पानं मांडली गेली! वरणभात, वर तूप! मास्तरांचा आनंद पोटात मावेना.

"झाले ना गो सगळे जेवून?" त्यांनी विचारलं.

"झाले. कुणी राहिलं नाही."

मास्तरांनी घास उचलला, आणि त्यांची नजर गेली भिंतीच्या कडेला जमिनीवर. गुळाच्या डब्यापासून थेट उंबऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग!

चंद्राबाई तूप वाढत होत्या. मास्तरांनी हळूच डोक्यावरची टोपी काढून डब्यापाशी ठेवली, उरलेल्या रांगेवर उपरणं पसरलं, आणि म्हणाले,

"बस गो लवकर. गार होतंय."